दोन पाळ्यांचा प्रयोग

पुणे, २ जून १९७१

चि. हेमा हिस,
विभाताईचे अनेक आशीर्वाद.

आधी खाली बस, मग पुढचं वाच. आमच्या समितीनं यंदाच्या अभिनयाच्या शिष्यवृत्तीसाठी तुझं नाव नक्की केलं आहे.

गेल्या गणपतीत मी जबलपूरला आले होते, तेव्हा तुमच्या मराठी मंडळाच्या नाटकात तू थोरल्या जावेचं काम केलं होतंस. काम लहानसंच होतं. पण तू जाता जाता वळून नुसता पदर खोचलास आणि माझ्या शेजारी सतत कुजबुजणाऱ्या दोघी बायका गप्प झाल्या. तेव्हाच मी ठरवलं होतं. ही योजना आहेच मुळी राबणाऱ्या कलावंतांसाठी, ज्यांच्या अंगात कला आहे पण शिकायला सवड आणि गुरू मिळाले नाहीत अशांसाठी. नवऱ्याच्या मागे फॅक्टरीत काम करून सासू आणि लेक सांभाळणारी माझी मावसबहीण यात बसत नसेल, तर दुसरं कोण बसणार?

ऑगस्टपासून वर्षभर पुण्यात राहायचं. विनताबाई टिळेकर स्वतः शिकवणार आहेत. त्यांची चाळीस वर्षं रंगभूमीवर गेली आहेत आणि त्या सहसा कुणाला शिष्य करत नाहीत. राहण्याजेवण्याची व्यवस्था समितीची, वर भत्ता. बेबीला बरोबर आण, इथे शाळा जवळच आहे.

होकार लवकर कळव. नाही म्हणायचं कारण मला तरी दिसत नाही.

तुझी
विभाताई

*

रांझी, जबलपूर
११ जून १९७१

ती. विभाताईस,
हेमाचा सा. नमस्कार.

तुझं पत्र ड्यूटीवर निघताना हातात पडलं. तसंच पिशवीत टाकून नेलं. पण आमच्या सेक्शनमध्ये कागद तर सोड, केसातली पिन अन् हातातली बांगडीसुद्धा आत नेऊ देत नाहीत. पत्र गेटवर ठेवून आत जावं लागलं. आत काय भरतो ते लिहायची मनाई आहे. एवढंच सांगते की भरताना हात आणि मन एकाच जागी लागतं, अन् त्या दिवशी मन गेटवर होतं. आमचे सुपरवायझर तुळशीरामजी दोनदा ओरडले.

ताई, तू माझ्यासाठी एवढं केलं, मला काय लिहावं ते सुचून नाही राहिलं. पण मला यायला जमणार नाही. बेबीची शाळा आत्ताच बदलली, आईंचे गुडघे दुखतात, घरचं पण पाहावं लागतं. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला दे.

इकडे सगळं ठीक आहे. यंदाच्या गणपतीच्या नाटकात मी आहेच. तालमी छान चालू आहेत. काळजी करू नको.

तुझी
हेमा

*

पुणे, २० जून १९७१

ती. अंजनीबाई भाकरे यांस,
विभावरीचा सा. नमस्कार.

आपला फारसा परिचय नाही, तरी हेमाची मोठी बहीण या नात्यानं लिहिते आहे. तिला पुण्यात शिकायला येण्याची फार मोठी संधी मिळाली होती. घरची अडचण म्हणून तिनं नकार कळवला. तिच्या पत्रात गुडघ्यांचा उल्लेख आहे. आपल्या प्रकृतीविषयी मला आदर आहे, पण वर्षभर शेजारपाजारची मदत घेऊन आपण निभावून नेऊ शकला असता असं वाटल्यावाचून राहत नाही. सून कमावते म्हणून तिला घरात बांधून ठेवणं बरं नव्हे. तिची कला फक्त आपल्या घरच्या मालकीची नाही.

स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

आपली
विभावरी

*

रांझी, ५ जुलै

सौ. विभावरी यांस,
अंजनीबाईचे आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं तेव्हा हेमा ड्यूटीवर होती. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. आधी राग आला. मग हसू आलं. मग म्हटलं, चलो, या पोरीसाठी कुणी भांडायला तर उठलं.

मी तिला बांधून ठेवते म्हणता. अहो, तिच्या नाटकातल्या संवादांची नक्कल हातात धरून तिच्यापुढे मीच बसते जी. तिचा सासरा मीच होते, दीर पण मीच, अन् एकदा तर तिचा नवरा झाली होती तेव्हा बेबी हसून हसून लोळली. माझे गुडघे दुखतात हे खरं आहे. पण गुडघ्यांनी तिला अडवलं नाही.

ती तुमच्याशी खोटं बोलली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलली. आता मी खरं सांगते. तिची नोकरी कच्ची आहे. माझा चंद्रशेखर गेल्यावर मोठ्या मुश्किलीनं लागली. यंदाच्या थंडीत जुन्या कच्च्या बायांना पक्कं करणार आहेत, असं तुळशीरामजींनी सांगितलं आहे. आता वर्षभर गेली तर तिच्या जागेवर दुसरी बाई बसेल, अन् गेटवर बायांची लाइन लागली आहे. तुमचं वर्ष संपल्यावर आम्ही तिघींनी काय करावं? हे तुमच्या पत्रात कुठे लिहिलं नव्हतं.

अन् तालमीचं पण खोटं आहे. एप्रिलपासून ओव्हरटाइम वाढला. ही तालमीला पोचे तोवर लोक उठून जात. मंडळवाल्यांनी हात जोडून सांगितलं, बाई, आमचा इलाज नाही, अन् काम दुसरीला दिलं. ते बोलले नीट. पण तेव्हापासून ती पोळ्या करताना काही पुटपुटत नाही. मला ती चुप्पी सहन नाही होत.

म्हणून एक विचारते. तिला तिकडे नेता येत नाही, तर शिकवणारीला इकडे काहून पाठवत नाही? आमच्याकडे दोन खोल्या आहेत अन् एक अंगण आहे. एक खोली बाईंना देऊ. माझ्या हातचं जेवण साधं असतं, पण वाईट नसतं.

तुम्ही स्पष्ट लिहिलं, मी पण लिहिलं. हिशेब बरोबर.

अंजनीबाई

*

पुणे, ४ ऑगस्ट १९७१

चि. हेमा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंनी मला लिहिलेलं पत्र त्यांनी तुला दाखवलं की नाही, ठाऊक नाही. दाखवलं नसेल तर मागू नकोस. मी त्यांना वेगळं लिहून क्षमा मागितली आहे. तुझ्यावर मात्र थोडी रागावले आहे. नोकरीचं मला का नाही सांगितलंस? मी इथे बसून तुला भित्री ठरवत होते.

त्यांचं पत्र घेऊन मी समितीच्या बैठकीला गेले. अध्यक्ष विष्णुपंत म्हणाले, ही शिष्यवृत्ती पुण्यात राहून शिकण्यासाठी आहे. दोन बैठका त्यातच गेल्या. कुणी म्हणालं, तिकडे वातावरण नाही. कुणी म्हणालं, एकीसाठी नियम वाकवला तर उद्या सगळेच मागतील. शेवटी विष्णुपंत म्हणाले, "विभावरीबाई, कलेसाठी घर सोडावंच लागतं. आम्ही सगळ्यांनी सोडलं."

मी म्हणाले, "तुम्ही सोडलंत तेव्हा मागे घर सांभाळणारं कुणीतरी होतं. तिच्या घरात घर सांभाळणारी तीच आहे."

तेवढ्यात विनताबाईंनी विचारलं, जबलपूरला गाडी कुठून मिळते. झालं, बैठक तिथेच संपली. गणपती झाले की त्या येतील आणि डिसेंबरपर्यंत राहतील. तुझ्यासाठी त्यांनी एक एकांकिका लिहायला घेतली आहे. डिसेंबरात तिचा प्रयोग व्हावा, एवढी समितीची अट आहे. भत्ता तुला तिथेच मिळेल.

विनताबाई तापट आहेत. वक्तशीरपणाच्या बाबतीत तर फारच. सांभाळून घे.

तुझी
विभाताई

*

रांझी, २४ ऑक्टोबर १९७१

ती. विभाताईस,
सा. नमस्कार.

एवढे दिवस पत्र नाही टाकलं कारण काय लिहावं तेच समजत नव्हतं. तू सांभाळून घे म्हणाली होती. मला तर आधी वाटलं, बाई आठ दिवसांत निघून जातात.

आल्या त्या दिवशी त्यांनी सांगितलं, रोज संध्याकाळी सहाला तालीम, मिनिटभर उशीर चालणार नाही. मी हो म्हटलं. पण माझी एक हप्ता सकाळची पाळी असते, एक हप्ता दुपारी दोनची, अन् वर ओव्हरटाइम. सुट्टी झाली तरी गेटवर झडती होते, मग बसची वाट पाहा. दसऱ्याच्या आधी एक दिवस मला फार उशीर झाला. घरी आली तर बाई अंगणात उभ्या, ट्रंक भरून तयार. म्हणाल्या, गुरुवारच्या गाडीनं जाते, मला अशी थट्टा चालत नाही. मला उत्तर द्यायचं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसली अन् ताई, लाज वाटते लिहायला, तिथेच माझा डोळा लागला. बाई बोलून राहिल्या अन् मी झोपली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर मी बाहेर निघाली तर गेटसमोर चहाच्या टपरीवर विनताबाई बसलेल्या. बेबीला घेऊन बसनं आल्या होत्या. आम्ही शेकडो बाया बाहेर पडतो, ते सगळं त्यांनी पाहिलं. कुणी चालता चालता बांगड्या भरते, कुणी तिथेच डब्यात उरलेली पोळी खाते. बसमध्ये शेजारी बसल्या अन् पहिलं वाक्य म्हणायला लावलं. तिथेच, सगळ्यांसमोर. घरी पोचेपर्यंत अर्धा प्रवेश झाला. उतरताना म्हणाल्या, "तुमची पाळी बदलते तशी आता माझीही बदलेल." ट्रंक खाली ठेवली ती ठेवलीच.

तेव्हापासून माझी पाळी पाहून तालीम होते. दुपारची असली की सकाळी अंगणात. सकाळची असली की बसमध्ये अन् मग घरी. आई त्यांना ज्वारीची भाकरी खाऊ घालतात अन् त्या आईंना पुण्याच्या नटांच्या भानगडी सांगतात. दोघींचं जमलं आहे. मला कधी कधी वाटतं, त्या माझ्यासाठी नाही, आईंसाठी राहून राहिल्या.

एकांकिकेचं सांगते. दोनच माणसं आहेत. नर्मदेला पूर, अलीकडच्या काठावर पलीकडे जायची घाई असलेली एक शिकलेली बाई, अन् नाव चालवणारी दुसरी. नाववाली मी. प्रवासी विनताबाई स्वतः. पूर ओसरेपर्यंत थांबायचं की नाव घालायची, यावर दोघींचं भांडण आहे. बाईंनी नाववालीची भाषा पुस्तकात असते तशी गावठी मराठी लिहिली होती. मी म्हणून पाहिली, पण ती तोंडात बसेना. मी म्हटलं, बाई, आमच्या ग्वारीघाटावर कुणी मराठी बोलत नाही. ती तर "बैठ जाओ बहनजी, नदी को उतरने दो" असंच म्हणेल. त्यांनी आपलं वाक्य खोडलं. मग म्हणाल्या, तसंच म्हणा. आता प्रवासी मराठीत बोलते, नाववाली हिंदीत, अन् दोघी एकमेकींचं अर्धंच समजतात. भांडण त्यानं जास्त खरं वाटतं. शिवाय माझ्या सेक्शनच्या बाया पण पाहू शकतील. त्यांना मराठी कुठे येतं?

ताई, मला आता कळून राहिलं की मंडळाच्या नाटकात मी जे करत होती ते सगळं अंदाजानं होतं. बाई विचारतात, हात वर का गेला? मला सांगता येत नाही. मग त्या म्हणतात, सांगता येईपर्यंत हात खाली. पहिल्यांदा कुणीतरी मला विचारून राहिलं.

प्रयोग ११ डिसेंबरला संध्याकाळी, मंडळाच्या हॉलमध्ये ठरला. तू येशील का?

तुझी
हेमा

*

पुणे, ६ डिसेंबर १९७१

चि. हेमा,
अनेक आशीर्वाद.

लढाई सुरू झाल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तुमचं गाव दारूगोळ्याच्या कारखान्यांचं, त्यामुळे रेडिओ लावला की आधी तुझीच आठवण होते. मला आता येता येणार नाही, गाड्यांचा भरवसा नाही.

समितीनं प्रयोगाची अट मागे घेतली आहे. तुझ्यावर कसलाही ठपका नाही, भत्ताही थांबणार नाही. विनताबाईंना मी वेगळं लिहिलं आहे की मिळेल त्या गाडीनं परत या. नाटक काय, पुढेही होईल. तुम्ही सगळ्या सुखरूप राहा.

तुझी
विभाताई

*

रांझी, १९ डिसेंबर १९७१

ती. विभाताईस,
सा. नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. लढाई थांबली हे तुलाही कळलंच असेल. गुरुवारी संध्याकाळी मोहल्ल्यात लोकांनी खिडक्यांचे काळे कागद फाडून दिवे लावले. आई बराच वेळ दारात उभ्या राहून नुसत्या उजेडाकडे पाहत होत्या.

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं. विनताबाईंनी त्यांचं वाचलं, घडी घातली अन् मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी म्हटलं, बाई, तुम्ही जा. अंधारात नाटक होत नाही. खरं सांगते, मला मनातून सुटल्यासारखं पण वाटलं होतं. कामावर दिवस कसा जाई ते सांगता येत नाही. कुणी फारसं बोलत नव्हतं. त्यात आपण नाटकाचं नाव काढावं, हे बरं दिसत नाही असं वाटत होतं.

पण जेवताना माझ्या शेजारी बसते ती ज्योती विचारून बसली, "दीदी, आपका नाटक कब है?" मी सांगितलं, ब्लॅकआउट आहे, संध्याकाळी दिवा लावता येत नाही, रद्द झालं. ती म्हणाली, "तो दिन में कर लो. सूरज पर तो कोई रोक नहीं." बाकीच्या बाया हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग एकेक जण विचारायला लागली, कुठे आहे, कधी आहे. मला कळलं की यांना हवं आहे.

घरी येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी सांगितलं की आपण चाळीस वर्षांत भर उन्हात कधी काम केलं नाही. अन् लगेच ट्रंकेतून लुगडं काढून आईंकडे इस्त्रीला दिलं.

रविवारी, बारा तारखेला, घराजवळच्या शाळेच्या पटांगणात सकाळी प्रयोग ठेवला. त्या हप्त्यात माझी दोनची पाळी होती, तर दुसऱ्या पाळीचे लोक नाटक पाहून ड्यूटीवर जातील असा हिशेब. पण सकाळच्या पाळीवाल्यांनी निरोप पाठवला, आम्ही काय पाप केलं? त्यांची सुट्टी दोनला. तेव्हा तर मी आत जाणार. आता काय करावं? ज्योतीची पाळी त्या रविवारी सकाळची लागली होती. ती तुळशीरामजींकडे गेली अन् म्हणाली, दीदी येईपर्यंत तिच्या जागेवर मी थांबते. असं कुणी कुणाच्या जागेवर थांबत नाही ताई, आमच्याकडे तर नाहीच. तुळशीरामजी स्वतः साहेबांकडे जाऊन परवानगी घेऊन आले. मला म्हणाले, पाच बजे तक आ जाना, मेरी नाक का सवाल है.

तर असे एका दिवसात दोन प्रयोग झाले.

सकाळी तोंडाला रंग लावला तर उन्हात मी सोंगासारखी दिसायला लागली. बाईंनी ओल्या फडक्यानं सगळा पुसला. अशी रोजच्या तोंडानं लोकांसमोर उभी राहायला मला फार भ्याव वाटलं. पण लोक शांत बसले होते अन् पहिलं वाक्य निघाल्यावर पुढचं आपोआप आलं.

दुपारी जास्त गर्दी झाली. लोक गेटवरून सरळ आलेले, अंगावर ड्यूटीचे कपडे, काही जण बसल्या बसल्या पेंगत पण होते. भांडण रंगात आलं, मी वल्हं उचललं, अन् भोंगा वाजला. मैदानाच्या कडेला खंदक खणलेले होते, सगळे तिकडे पळाले. मी बेबीला कुशीत घेऊन वाकून बसली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला विनताबाई. आई राम राम म्हणत होत्या. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. बाईंनी माझं मनगट धरलं अन् हळूच म्हणाल्या, "वल्हं हातात आहे ना? ते खाली ठेवू नका."

खरंच ताई, वल्हं मी खंदकात पण घेऊन आली होती. मला समजलंच नव्हतं.

तो सरावाचा भोंगा होता, हे मागाहून कळलं. सगळं ठीक आहे म्हणून दुसरा भोंगा झाला तेव्हा मला वाटलं, लोक आता घरी जातील. सगळे कपडे झटकत वर आले अन् जिथे बसले होते तिथेच जाऊन बसले. एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "बेटी, नाव खोलने वाली थी तू." मी तिथूनच सुरू केलं.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. शेवटी नाववाली प्रवाशाला नावेत बसवते अन् म्हणते, "डर मुझे भी लगता है, बहनजी. आप सामने देखो, पानी मैं देखूँगी." हे वाक्य मी शंभरदा म्हटलं असेल. पण त्या दिवशी समोर ड्यूटीचे कपडे घातलेल्या बाया होत्या, अन् मी ते त्यांना म्हटलं. माझा हात वर गेला. का गेला ते मला माहीत होतं.

टाळ्या संपायच्या आत मी एकाच्या सायकलच्या मागे बसून फॅक्टरीकडे निघाली. पाचच्या आत पोचली. ज्योती आमच्या टेबलापाशी उभी होती, सकाळपासूनची. दोन्हींतला एकही प्रयोग तिला पाहायला मिळाला नाही. मी काही बोलणार तर म्हणाली, जाऊ दे दीदी, सांग फक्त, नाव पार झाली का?

विनताबाई बुधवारच्या गाडीनं निघत आहेत. त्यांना उतरवून घ्यायला स्टेशनवर जा. आईंनी त्यांच्याबरोबर लोणचं दिलं आहे, त्यातलं अर्धं तुझं आहे.

तुझी
हेमा

*

पुणे, ८ जानेवारी १९७२

चि. हेमा,
अनेक आशीर्वाद.

विनताबाई स्टेशनवर उतरल्या त्या थेट समितीच्या बैठकीलाच आल्या. लांबलचक बोलल्या नाहीत. विष्णुपंतांना म्हणाल्या, "मी त्या बाईला शिकवायला गेले होते. यापुढे शिकवायचं कुठे, हे कलावंताची पाळी पाहून ठरवा." विष्णुपंतांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनीच ठराव मांडला: गुरूनं कलावंताच्या गावी जाऊन शिकवायचं, कामाच्या वेळा सांभाळून. यंदा एक नाव नांदगावच्या गिरणीतलं आहे, एक मनमाडच्या रेल्वेतलं.

तुझी शिष्यवृत्ती ऑगस्टपर्यंत आहे. विनताबाई होळीनंतर पुन्हा येतील म्हणतात. अंजनीबाईंना सांग, लोणचं मी एकटीनं संपवलं. विनताबाईंच्या वाटणीचंसुद्धा.

नोकरीचं काय झालं? या वेळी खरं लिही.

तुझी
विभाताई

*

रांझी, १३ फेब्रुवारी १९७२

ती. विभाताईस,
सा. नमस्कार.

खरं लिहिते. मी पक्की झाली. परवा तुळशीरामजींनी बोलावून सांगितलं. आईंनी देवापुढे साखर ठेवली अन् बेबीनं ती लगेच खाल्ली.

मंडळवाले घरी आले होते. आता महिन्यातून एका रविवारी दुपारी प्रयोग करायचा, तालमी पाळ्या पाहून लावायच्या, असं त्यांनी स्वतःच काढलं. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण त्यांचं मन चांगलं आहे. मी हो म्हटलं.

आज सकाळी ज्योती आली होती. पहिल्यांदाच घरी आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, तरी उठेना. शेवटी पदराशी चाळा करत तिनं विचारलं, "दीदी, नाटक मुझसे होगा क्या?" मी काही सांगायच्या आत आई बसायचा मोडा उचलून अंगणाच्या त्या टोकाला पार जांभळाखाली जाऊन बसल्या अन् तिथून म्हणाल्या, काही पण बोल बेटा, जो मन में आए.

ज्योती लाजली. मग तिनं आपल्या गावाचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, अन् लहानपणी मेळ्यात हरवली होती ते सांगायला लागली. आधी आवाज माझ्यापर्यंतच येत होता. हळूहळू ती उभी राहिली.

आई तिकडून म्हणाल्या, "सुनाई दिया. आगे बोल."

तुझी
हेमा